मागे तोंड करून पाहिलेला ताडोबा

ताडोब्याहून परत आल्यापासून माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया मला एकच विचारतात, "वाघ दिसला का हो?" दिसला, असं मी सांगते. मग डोळे मोठे करून त्या विचारतात, "भीती नाही वाटली?" वाटली तर! पण साऱ्या प्रवासात वाघानं दिलेला धक्का हा काही सगळ्यांत मोठा नव्हता. त्याच्या आधीचे आणि त्याच्या नंतरचा, असे जे बाकीचे धक्के बसले, त्यांच्याबद्दल कोणी विचारतच नाही. म्हणून लिहून काढते.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. लहानपणी आलेल्या तापात माझे पाय गेले ते गेलेच. साताऱ्यात आमच्या घराच्या ओटीवर मी हाताच्या मशिनवर शिवणकाम करते. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, एका वेताच्या खुर्चीला सायकलवाल्याकडून चाकं बसवून घेतली आहेत. तीत बसून मी देवळापर्यंत आणि बाजारापर्यंत जाते. अण्णा शाळामास्तर. त्याचा एक वर्गमित्र चांद्याकडे जंगलखात्यात रेंजर आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता तेव्हा मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आमचं ताडोब्याचं जंगल आता राष्ट्रीय उद्यान झालंय. आता कोणीही यावं आणि पाहावं!" अण्णानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. मी मात्र त्यातला 'कोणीही' हा शब्द घट्ट धरून ठेवला आणि चैत्र लागेपर्यंत अण्णाच्या मागे भुणभुण लावली.

चांदा

वर्ध्याला गाडी बदलून आम्ही चांद्याला उतरलो. उतरलो म्हणजे अण्णा उतरला, मला उतरवण्यात आलं. दोन हमालांनी काखेत हात घालून मला डब्यातून उचललं. माझा पदर दाराच्या कडीत अडकला होता. "थांबा," मी म्हटलं. "थांबा हो, पदर अडकलाय!" ओरडलेसुद्धा. "तिकडून धर", "पाय सांभाळ", "खाली घे", असं ते एकमेकांना सांगत होते आणि अण्णा त्यांना सांगत होता. माझं कोणाच्याच कानापर्यंत गेलं नाही. टर्रकन आवाज आला आणि माझ्या नव्या इरकलीचा हातभर तुकडा कडीला लटकत राहिला.

उचललेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही, हा माझा जन्माचा अनुभव आहे. उचलणारे वाईट नसतात. पण हातात वजन आलं की त्या वजनाला तोंडही आहे हे ते विसरतात. ट्रंक कधी बोलते का? तशातली गत. फाटका पदर खोचून मी चाकांच्या खुर्चीत बसले, आणि चांद्याच्या त्या जुन्या परकोटाचा भला थोरला दरवाजा येईपर्यंत अण्णाशी बोलले नाही.

रेंजरसाहेबांनी पाहुणचारात काही कमी केलं नाही. भात, पातळ वरण, जवसाची चटणी आणि वांग्याची रसरशीत भाजी. रात्री पुन्हा भात. भाकरीशिवाय आम्हा सातारकरांचं पोट भरल्यासारखं वाटत नाही, पण त्या भाताचा वास असा की मी दोनदा मागून घेतला. एवढंच की रेंजरसाहेब माझ्याबद्दलचं सगळं अण्णाला विचारत. "ताई पाटावर बसतील का रे?" "ताईंना ऊन सोसतं ना रे?" मी समोर जेवत होते. माझे कान चांगले आहेत.

मोहर्ली

दुसऱ्या दिवशी पहाटेच जीप निघाली. मोहर्लीला पोहोचलो तेव्हा मोहाच्या झाडांखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. रात्री गळलेली ती पिवळट, गुबगुबीत फुलं, आणि साऱ्या गावात गोडसर, थोडा डोकं जड करणारा वास. ड्रायव्हर पाणी भरायला थांबला तशी एक म्हातारी टोपली काखेत घेऊन जीपपाशी आली. मागे बांधलेल्या खुर्चीचं चाक तिनं हातानं फिरवून पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि सरळ मलाच विचारलं, "काय झालं होतं, बाई?"

"लहानपणी ताप आला होता," मी म्हटलं.

"माह्या नातवाले आला होता तसा. तो नाई राह्यला," ती म्हणाली. "तू राह्यली. चांगलं झालं." आणि तिनं ओंजळभर फुलं माझ्या मांडीत टाकली. "खा, गोड हायेत."

मी एक फूल तोंडात टाकलं. खरंच गोड होतं. चांद्याला उतरल्यापासून माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं माणूस, म्हणून मला तर ते जरा जास्तच गोड लागलं.

तळ्याकाठी

विश्रामगृहाच्या अलीकडच्या नाल्यात जीपची चाकं वाळूत रुतली. पुढे ड्रायव्हर आणि अण्णा यांनी मला हातांवर घेतलं, आणि रेंजरसाहेब माझी खुर्ची ओढत मागून आले. वाळूत ती माझ्यासारखीच निरुपयोगी झाली होती.

आणि मग ते विश्रामगृह दिसलं. माझे तर डोळेच पांढरे झाले. सापाकिरड्यांच्या आणि पुराच्या भीतीनं बांधणाऱ्यानं जोतं असं उंच घेतलं होतं की वर जायला उभ्या दगडी पायऱ्यांची शिडीच म्हणा. मला वर नेताना ड्रायव्हरचा पाय घसरला, आणि राष्ट्रीय उद्यानात पाऊल न टाकताच मी राष्ट्रकार्यात खर्ची पडते की काय असं झालं. संडास मागच्या अंगाला, पुन्हा पायऱ्या उतरून, फळीवरून. ती फळी पाहिल्याबरोबर मी पाणी पिणं सोडलं. चैत्रातल्या त्या उन्हात घसा कोरडा ठेवून बसणं काय असतं, ते माझ्यासारख्या बायकांनाच समजेल.

"ताई व्हरांड्यात बसतील. तिथून अख्खं तळं दिसतं!" रेंजरसाहेब अण्णाला म्हणाले. मला खुर्चीसकट व्हरांड्यात ठेवलं. व्हरांड्याला कठडा होता, आणि कठड्याची वरची जाड फळी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. उभ्या माणसाला तळं, बसल्या माणसाला फळी! मान उंच केली तर आभाळ आणि वाकवली तर कठड्याच्या फटीतून एक गवताची काडी. साताऱ्याहून इतक्या लांब येऊन मी सागवानाची एक फळी पाहत बसले होते. ती साताऱ्यातही पाहायला मिळाली असती.

"आणि वाघ कुठून दिसतो?" मी विचारलं.

"तो पाणवठ्यावरच्या मचाणावरून," रेंजरसाहेब अण्णाकडे पाहत म्हणाले. "शिडीनं चढावं लागतं. ताईंना काही ते जमायचं नाही. त्या इथं आरामात बसतील."

"साहेब, इकडे पाहा. मी इथं आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुम्हीच म्हणाला होता ना, राष्ट्राचं उद्यान, कोणीही यावं? मग मी राष्ट्रात नाही का? पाय गेले तेव्हा माझं नाव राष्ट्रातून कमी केलं की काय?"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मलाही कळत होतं. इतक्या वर्षांत अशी पाहुणी त्यांच्या डोक्यातच कधी आली नव्हती, आणि मला खरा धक्का बसला तो त्याचाच. कोणी मला नाही म्हटलं नव्हतं. कोणी माझा विचारच केला नव्हता. अण्णा कठड्याला टेकून तळ्याकडे पाहत राहिला. त्याला ते दिसत होतं.

तेवढ्यात खालून आवाज आला, "बाईले आमी नेतो नं."

तो लच्छूभाऊ. जवळच्याच गावचा वयस्क गोंड, विश्रामगृहाला पाणी आणि लाकडं पुरवणारा. आमचं बोलणं तो पायऱ्यांखाली उभा राहून ऐकत होता.

"कसं नेणार?" साहेबांनी विचारलं.

"रोग्याले नेतोच नं आमी, सायब. मूल गावच्या दवाखान्यात नेतो, पार जंगलातून. चाकं काढा ह्याची." मग तो वर आला आणि मला म्हणाला, "बसाल नं, बाई?"

अण्णानं पान्यानं चाकं सोडवली. लच्छूभाऊनं गावातून आणखी तिघांना बोलावून आणलं. दोन लांब बांबू खुर्चीच्या दोन्ही अंगांना दोरानं करकचून बांधले. पुढे दोघे, मागे दोघे, आणि बांबू खांद्यांवर. सगळं झकास जमलं, आणि मग लच्छूभाऊ म्हणाला, "तोंड मांगं करून बसा, बाई."

"मागे? का म्हणून? मला पुढे पाहायचंय."

"बसाची रीतच तशी हाय."

माझ्या कपाळाला आठी पडली. आमच्याकडे प्रतापगडावर म्हाताऱ्याकोताऱ्यांना डोलीतून नेतात ते थाटात, तोंड पुढे करून. इथं मला उलटं बसवणार? रेंजरसाहेबांनी हळूच अण्णाला खुलासा केला, "यांच्यात मेलेल्या माणसाला समोर पाय करून नेतात. म्हणून जिवंत माणसाला तसं न्यायला हे लोक तयार नसतात. जुन्या समजुती."

म्हणजे जिवंत असल्याचा पुरावा म्हणून मी उलटी जायची! मला हसावं की रडावं कळेना. पण एकीकडे उलटी खुर्ची आणि दुसरीकडे कठड्याची ती फळी. मी उलटी बसले.

वाट तळ्याच्या कडेकडेनं जात होती. साहेब बंदूक घेऊन पुढे, त्यांच्याबरोबर अण्णा, आणि मागून आमची वरात. मागे तोंड करून जंगल पाहणं ही काय चीज आहे ती एकदा अनुभवावी. पुढचे लोक "ते बघ सांबर!" म्हणतात आणि आपल्याला दिसते त्यानं नुकतीच सोडलेली, हलणारी फांदी. सगळ्यांनी पाहून झालेलं, उरलंसुरलं जंगल माझ्या वाट्याला येत होतं. मी मनात धुमसत होते. मागच्या दोघांच्या डोक्यांवरून वाट लांब लांब जात होती आणि मी तिच्याकडे रागानं पाहत होते.

तळ्याच्या काठी त्यांनी मला उतरवलं. काठच्या मोठ्या झाडाखाली त्यांचा देव आहे, त्याला चौघांनी हात जोडले. मग लच्छूभाऊनं माझी खुर्ची तळ्याकडे वळवली, आणि मध्ये काही नव्हतं. फळी नाही, कठडा नाही, कोणाची पाठ नाही. निळंकरडं पाणी, पलीकडे पाण्याला लागलेले चितळ, आणि चिखलात लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली मगर. एवढं मोठं काही माझ्यासमोर असं उघडं कधी नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अण्णा माझ्याजवळ येऊन नुसता उभा राहिला.

वाघ मात्र आला नाही. साहेबांना फार वाईट वाटलं. मचाणापाशी नुसतेच कालचे ठसे, म्हणाले. ऊन चढायला लागलं तसे आम्ही परत निघालो.

परतीच्या वाटेवर वाळलेला पालापाचोळा फार होता. आठ पायांखाली तो कराकरा वाजत होता. पुढे अण्णा आणि साहेब त्यांच्या गणिताच्या मास्तरांची नक्कल करून हसत होते. मागे बांबूच्या बेटाआडून काहीतरी वाटेवर आलं. मला वाटलं, वासरू. मग ते वळलं.

वाघ होता. आमच्याच वाटेनं, आमच्याच मागून, मान खाली घालून चालत होता. घाई नाही, आवाज नाही. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. हातांनी खुर्चीचे दांडे असे आवळले की वेत रुतले. किती वेळ तो आला ते देव जाणे. मग वाटेच्या मधोमध मांजरासारखा खाली बसला, जांभई दिली, उठला आणि डावीकडच्या गवतात गेला.

मी ओरडले नाही. भीती तर होतीच, पण खांद्यावर असताना ओरडून उपयोग नसतो, हे चांद्याच्या फलाटावर पुन्हा एकदा शिकून आले होते. आणि खरं सांगायचं तर भीती गेल्यावर मला चोरटा आनंद झाला. हे पुढे चालणारे, बंदूकवाले, पायवाले, आणि वाघ दिसला तो मला, उलट्या खुर्चीत!

विश्रामगृहाच्या पायऱ्यांपाशी मला उतरवलं. लच्छूभाऊ लोट्यानं पाणी पीत होता. मी अण्णाला म्हटलं, "अण्णा, मी वाघ पाहिला."

"कुठे?" साहेब हसले.

"मागे. आपल्या मागून चालत येत होता."

लच्छूभाऊचा लोटा तोंडापाशी थांबला. मागच्या दांड्याला असलेले दोघे एकमेकांकडे पाहायला लागले. त्यातला एक जण हळूच खाली बसला.

"मांगं होता? आमच्या मांगं?" लच्छूभाऊनं विचारलं. "मंग बोलल्या काऊन नाई?"

"काय बोलायचं?"

"काय बोलाचं!" तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू वाघापेक्षा मोठं आश्चर्य मीच. "बाई, तुमाले मांगं तोंड करून कायले बसवलं मंग?"

"तुमच्याकडे मेलेल्या माणसाला समोर पाय करून नेतात, म्हणून. साहेबांनी सांगितलं."

"बराबर सांगतलं सायबानं. पन अर्धंच सांगतलं." तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "खांद्यावर वझं असलं का आमची मान फिरत नाई. पाल्यात पाय वाजते, मांगचं काई आयकू येत नाई. समोर आमी पाहातो. मांगचं जो वर बसते त्यानं पाहाचं. म्हातारी असो, बाळंतीन असो, तापातला असो. आवाज द्याचा, आमी थांबतो. मेल्या मानसाले समोर पाय करून नेतो, कारन त्याले काई काम नसते."

पायाखालची जमीन सरकणं हा वाक्प्रचार माझ्यासारखीनं वापरावा की नाही कोण जाणे, पण दुसरा सुचत नाही.

"मला आधी सांगायचं नाही का!" मी जवळजवळ किंचाळले.

"हे काय सांगाची गोष्ट हाय?" तो म्हणाला. रागावलाही नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं. त्यांच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं ते. "आमी तं तुमच्या भरवशावर चालून राह्यलो होतो, बाई."

भरवसा! माझ्या टाक्यावर लोक भरवसा ठेवतात, शिलाईवर ठेवतात. पण चार धडधाकट माणसं वाघाच्या जंगलात आपला जीव माझ्यावर टाकून, मागे वळूनही न पाहता चालली होती, आणि ज्याला मी अपमान समजून धुमसत होते ते माझं काम होतं. अण्णानं पाणी दिलं, ते मी निम्मं सांडलं. वाघ समोर असताना इतकी हादरले नव्हते. उरलेलं पाणी मात्र मी पिऊन टाकलं, संडासाची ती फळी असो की नसो.

रेंजरसाहेबांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "आता तळ्याकडे जाणं बंद. मी ही जबाबदारी घेणार नाही." अण्णानंही मान हलवली. मी वाद घातला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

परत

सकाळी जीपपर्यंत जायचं होतं. वाळूतून ओढून काढलेली जीप नाल्यापलीकडेच उभी होती आणि वाळूत चाकांचा काही उपयोग नाही हे सिद्ध झालंच होतं, तेव्हा पुन्हा लच्छूभाऊ आणि तिघे आले. मला धाकधूक होती की ते मला खांद्यावर घेतील की नाही. त्यांनी सरळ बांबू बांधायला घेतले.

"जवळच जायचंय," साहेब म्हणाले, आणि या वेळी माझ्याकडे पाहून म्हणाले. "ताई, हवं तर पुढे तोंड करून बसा. मी सांगतो त्यांना."

लच्छूभाऊ हातात दोर धरून माझ्याकडे पाहत राहिला.

"नको. मागेच," मी म्हटलं.

निघालो. साहेब आणि अण्णा पुढे बोलत होते ते मी ऐकलंच नाही. मी वाट पाहत होते, अक्षरशः. दोन्ही बाजूंचं गवत, बांबूची बेटं, वळण, वळणाआडची सावली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पापणी मिटायची माझी तयारी नव्हती. एका ठिकाणी डाव्या अंगाचं गवत हललं. वारा नव्हता.

"थांबा!" मी म्हटलं.

चौघेही थांबले. त्याच पावलावर, एकदम, खुर्चीला हिसकासुद्धा न देता. पुढे साहेबांचं वाक्य अर्धंच राहिलं आणि अण्णाही थांबला. सगळं जंगल गप्प झालं आणि सगळे माझ्या पुढच्या शब्दासाठी थांबून राहिले.

गवतातून एक रानकोंबडी निघाली आणि पिल्लांना घेऊन लगबगीनं वाट ओलांडून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे हसणार, असं वाटलं. कोणी हसलं नाही.

"काय हाय, बाई?" लच्छूभाऊनं विचारलं. त्याला मान वळवता येत नव्हती.

"कोंबडी."

"गेली?"

"गेली."

"चलावं का मंग?"

मी वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा नीट पाहिली आणि मग म्हटलं, "चला."